आधी माणसं, मग बंपर

विमा घेताना माणूस एजंटला भेटतो. आपण नेमकं काय विकत घेतलं, हे मात्र त्याला बहुधा माझ्यासमोर कळतं. मी मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. कोल्हापूर, सांगली, सातारा हा माझा पट्टा. अपघात झाला, पुरात गाडी बुडाली, वळवाच्या पावसात झाड पडलं, की विमा कंपनी आमच्यासारख्या परवानाधारकाला पाठवते. गाडी पाहायची, फोटो काढायचे, गॅरेजचं एस्टिमेट ओळीओळीने तपासायचं, कुठला पार्ट बदलायचा आणि कुठला ठोकून सरळ करायचा ते ठरवायचं आणि शेवटी पॉलिसीच्या अटींनुसार देय रक्कम लिहायची. फी कंपनी देते, परवाना विमा नियामक प्राधिकरणाचा असतो. त्यामुळे कंपनीला आम्ही सढळ हाताचे वाटतो आणि गाडीमालकाला कंपनीचे हस्तक.

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या गॅरेजमधला संवाद ठरलेला. "सायेब, फुल्ल इन्शुरन्स हाय की आमचा. मग हे पंचवीस हजार कशाचं?" मी पॉलिसी मागतो. ती मोबाइलमध्ये पीडीएफच्या रूपात पडून असते आणि बहुतेकदा मालक ती पहिल्यांदाच उघडत असतो. हप्ता किती भरला हे त्याला तोंडपाठ असतं. गाडीची विमा किंमत किती लावली, जादा कव्हर कोणती घेतली, गाडीत बसणाऱ्यांचं काय, यातलं काही ठाऊक नसतं. माझ्याशी वाद होतो तो बंपरवरून, हेडलाइटवरून, रंगाच्या बिलावरून. पण या कामात जी घरं बसताना मी पाहिली, त्यातलं एकही बंपरमुळे बसलेलं नाही. कव्हर कुठलं आणि किती घ्यावं, याविषयी मला जे सांगायचं आहे ते सगळं या एका निरीक्षणातून आलेलं आहे.

थोडी मांडणी आधी करायला हवी. मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार रस्त्यावर येणाऱ्या गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. तो नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आपल्या गाडीने दुसऱ्याचं जे नुकसान होईल, त्याची भरपाई या विम्यातून होते. त्याचा हप्ता सरकार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत खासगी मोटारीला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये, वर जीएसटी. कंपनी कुठलीही घ्या, या आकड्यात घासाघीस नाही.

घासाघीस चालते ती आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागात, ज्याला सगळे 'ओन डॅमेज' म्हणतात. थर्ड पार्टी आणि ओन डॅमेज मिळून जी पॉलिसी होते ती पॅकेज पॉलिसी. तिलाच लोक 'फर्स्ट पार्टी' किंवा 'फुल इन्शुरन्स' म्हणतात. २००७ पासून या भागाचे दर खुले झाले आणि कंपन्यांमध्ये स्पर्धा सुरू झाली. हप्ता खाली आणायच्या वाटा तीनच: गाडीची विमा किंमत कमी लावायची, नुकसानीतला मोठा वाटा मालकाच्या माथी ठेवायचा किंवा जादा कव्हर काढून टाकायची. एजंट खोटं बोलत नाही. ज्याने फोनवर 'कमीत कमी किती बसेल?' एवढंच विचारलं, त्याला तो कमीत कमीच देतो. म्हणून दोन कोटेशनचे शेवटचे आकडे शेजारी ठेवून केलेली तुलना फसवी असते. वरच्या ओळी एकसारख्या असतील, तरच खालच्या आकड्याला अर्थ.

आता बंपरकडे वळतो, कारण वाद तिथेच असतो. साध्या पॅकेज पॉलिसीत बदललेल्या पार्टवर घसारा कापला जातो. प्लास्टिक, रबर, नायलॉनचे पार्ट, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर सरसकट निम्मा. फायबरवर ३० टक्के. काचेवर काही नाही. पत्र्यावर गाडीच्या वयाप्रमाणे: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, मग वाढत वाढत चार ते पाच वर्षांच्या गाडीला ३५ टक्के, पाच ते दहाला ४० आणि त्यापुढे ५०. रंगकामात रंगाच्या साहित्यावर निम्मा, मजुरीवर नाही. रंगाचं एकत्र बिल असेल तर त्याचा पाव हिस्सा साहित्य धरतात.

साडेचार वर्षांची, १२०० सीसीची छोटी मोटार समोरून ठोकली आहे असं समजा. बंपर, जाळी, दिवे धरून प्लास्टिकचे पार्ट २४,००० रुपयांचे. त्यातले १२,००० मान्य. बॉनेट, फेंडर असा पत्रा ३०,००० चा. ३५ टक्के वजा जाऊन १९,५००. पुढची काच ८,००० ची, पूर्ण मान्य. रंगकाम १६,००० चं. त्यातले साहित्याचे ४,०००, त्यांचे निम्मे गेले, राहिले १४,०००. मजुरी १२,०००, पूर्ण. बिल झालं ९०,००० रुपयांचं, मान्य झाले ६५,५००. त्यातून सक्तीच्या वजावटीचे १,००० गेले (१५०० सीसीच्या वरच्या गाडीला ही वजावट २,००० असते). कंपनी देणार ६४,५००, मालकाच्या खिशातून २५,५००. गॅरेजमध्ये विचारलेले ते पंचवीस हजार असे येतात. त्यात ना सर्व्हेअरची मर्जी असते ना कंपनीची लबाडी.

झिरो डेप्रिसिएशन, ज्याला गॅरेजवाले 'बंपर टू बंपर' म्हणतात, ते कव्हर घेतलं असतं तर ही घसाऱ्याची कात्री लागली नसती. मग मालकाकडे उरले असते वजावटीचे हजार रुपये आणि ऑइल, कूलंट, नटबोल्ट अशा किरकोळ मालाचे पैसे. त्यासाठीही 'कन्झ्युमेबल्स' नावाचं वेगळं कव्हर मिळतं. नवी गाडी, घरात नुकतंच ड्रायव्हिंग शिकलेलं कुणी, रोज गावातल्या गर्दीतून जाणं-येणं, असं असेल तर पहिली पाच वर्षं झिरो डेप्रिसिएशन घ्यावं, असंच मी सांगतो. हल्लीच्या गाड्यांचं पुढचं-मागचं तोंड बहुतेक प्लास्टिकचंच असतं. मात्र वर्षातून किती क्लेम या कव्हरखाली चालतील, यावर बहुतेक पॉलिसींत मर्यादा असते, साधारणपणे दोन. ती ओळ वाचून घ्यावी.

पण कव्हर आहे म्हणून प्रत्येक ओरखड्याचा क्लेम टाकायचा, हा उद्योग तोट्याचा. क्लेम न घेतलेल्या प्रत्येक वर्षानंतर ओन डॅमेजच्या हप्त्यात सूट मिळते: २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षी ती शून्यावर येते आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावं लागतं. ५० टक्क्यांवर पोचलेल्या माणसाचा मूळ हप्ता १०,००० रुपये आहे आणि तो तेवढाच राहिला असं धरू. क्लेमनंतरच्या पाच वर्षांत त्याची सूट अनुक्रमे ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांनी कमी पडते. बेरीज १२५ टक्के, म्हणजे साडेबारा हजार रुपये. दरवाजाचा ओरखडा सात हजारांत निघत असेल, तर तो क्लेम स्वतःच्या खर्चानेच घेतल्यासारखा आहे. गॅरेजवाला हे सांगणार नाही. त्याला विम्याचं बिल जास्त सोयीचं असतं. ही सूट गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकून नवी घेताना ती सोबत नेता येते. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केलं नाही, तर मात्र ती जाते.

थोडक्यात, बंपरचं नुकसान पंचवीस हजारांचं, फार तर चाळीस हजारांचं. ते दुखतं, पण माणूस महिन्या-दोन महिन्यांत सावरतो. ज्या नुकसानीतून सावरता येत नाही त्याचा हिशेब मला पहिल्यांदा ठळक दिसला तो पुरात.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर चढलं आणि पुणे-बंगळूर रस्ता कित्येक दिवस बंद राहिला. सांगलीत कृष्णेने तेच केलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. त्या वेळी चिपळूणही बुडालं. पाणी ओसरल्यावर वर्कशॉपांच्या आवारात चिखलाने माखलेल्या गाड्यांच्या रांगा लागल्या. पुराच्या गाडीत आम्ही आधी पाण्याची रेघ शोधतो: सीटवर, दरवाजाच्या आतल्या कापडावर, डॅशबोर्डवर. पाणी डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर इलेक्ट्रॉनिक्स संपलं. मग एअर फिल्टर ओला आहे का पाहायचं, डिपस्टिक काढायची. ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिनात पाणी शिरलं आहे.

पुराचं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं. ज्यांच्याकडे फक्त थर्ड पार्टी होती त्यांना एक रुपयाही मिळाला नाही, मिळणारही नव्हता. पण पॅकेज असलेल्यांचीही एका जागी गाडी अडली. पाणी उतरल्यावर अनेकांनी 'चालू होते का बघू' म्हणून चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला, की पाणी दबत नाही. मग कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फुटतो. इंजिन उघडल्यावर वाकलेला रॉड सगळं सांगतो. कंपन्यांचं म्हणणं असं की, पाणी शिरलं हे पुराचं नुकसान, पण रॉड वाकला तो स्टार्टर मारल्याचा परिणाम, आणि असं परिणामी नुकसान पॉलिसीत नाही. वाद ग्राहक आयोगापर्यंत गेले. यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे जादा कव्हर मिळतं. डोंगरावर राहणाऱ्याला त्याची फारशी गरज नाही. नदीकाठी, ओढ्याच्या कडेला किंवा तळघरात गाडी लावणाऱ्याने ते चुकवू नये. आणि कव्हर असो वा नसो, पाण्यात बुडालेल्या गाडीला चावी लावू नये. बॅटरीची तार काढा, फोटो घ्या, कंपनीला कळवा, गाडी टोइंग करून न्या.

पुराने आणखी एक गोष्ट उघडी पाडली, ती म्हणजे विमा किंमत, म्हणजेच आयडीव्ही. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला, तर टोटल लॉस धरून ही किंमत दिली जाते. तिचाही तक्ता आहे: उत्पादकाच्या चालू किमतीतून सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के वजा, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. त्यापुढे कंपनी आणि मालक मिळून ठरवतात. ऑनलाइन पॉलिसी काढताना ही किंमत थोडी खाली-वर करता येते, आणि ती खाली ओढली की हप्ता लगेच कमी दिसतो.

समजा बाजारात पाच लाखांना जाणाऱ्या गाडीची आयडीव्ही मालकाने ३ लाख ६० हजार लावली. वाचले असतील हजार-दीड हजार. पुरानंतर दुरुस्तीचं एस्टिमेट आलं २ लाख ९० हजारांचं. आयडीव्हीचे ७५ टक्के होतात २ लाख ७० हजार. म्हणजे टोटल लॉस. पाच लाखांची गाडी २ लाख ९० हजारांत दुरुस्त होत होती, पण आता वजावटीचे हजार जाऊन मिळणार ३ लाख ५९ हजार. आणि गाडीवर ४ लाखांचं कर्ज असेल, तर हा चेक आधी बँकेकडे जाणार. गाडी गेली, पैसे गेले आणि वर ४१,००० रुपयांचं देणं उरलं. पुरानंतर असे हिशेब मी अनेकांना समजावून सांगितले आणि त्यांचे चेहरे पाहिले. कर्जाच्या गाडीची आयडीव्ही उतरवू नये, हे त्यातून निघालेलं साधं सूत्र. अगदी नवी आणि कर्जावरची गाडी असेल, तर 'रिटर्न टू इनव्हॉइस' या कव्हरचा विचार करावा. त्यात टोटल लॉस झाल्यास आयडीव्हीऐवजी खरेदीच्या बिलाची किंमत मिळते.

टोटल लॉसने माणूस काही वर्षं मागे जातो. त्याच्याही पलीकडचं नुकसान आहे आणि त्याबद्दल मला गॅरेजमध्ये कुणीच काही विचारत नाही.

आमच्या भागात नोव्हेंबरपासून उन्हाळा लागेपर्यंत उसाचा हंगाम. रात्रीच्या रस्त्यावर एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, ना मागचा दिवा, ना रिफ्लेक्टर, ऊस बाजूंनी बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यांनी डोळे दिपले, की मोटार मागून थेट ट्रॉलीखाली जाते. अशा गाड्यांचं छत कापून काढावं लागतं. लोकांना वाटतं, चूक ट्रॉलीवाल्याची, त्याचा विमा पैसे देईल. पण ट्रॅक्टरचा विमा आहे का, ट्रॉलीचा आहे का, ऊस स्वतःचा होता की भाड्याचा, इथपासून प्रश्न सुरू होतात. शिवाय मागून धडकणाऱ्यालाही न्यायाधिकरण निम्मा-अधिक जबाबदार धरू शकतं. तेव्हा मोटारीतल्या माणसांचा दावा फिरून मोटारीच्याच पॉलिसीकडे येतो.

आणि इथे ती गोष्ट आहे जी फार थोड्यांना माहीत असते. खासगी मोटारीची फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल, तर रस्त्यावरचा पादचारी, दुचाकीवाला, समोरच्या गाडीतले लोक यांची भरपाई कंपनी देते. तुमच्याच गाडीत बसलेले तुमचे नातेवाईक आणि मित्र मात्र त्या पॉलिसीत 'थर्ड पार्टी' धरले जात नाहीत. पॅकेज पॉलिसीत त्यांच्याबद्दलचं दायित्व येतं. विमा नियामकाने २००९ मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध बालकृष्णन या खटल्यात दोन्ही पॉलिसींमधला हा फरक मान्य केला.

एका थर्ड पार्टी दाव्याच्या चौकशीसाठी मला वारणेकाठच्या एका गावात जावं लागलं होतं. गाडी जुनी, बारा वर्षांची. "आता हिची किंमत ती काय राहिली" म्हणून मालकाने फर्स्ट पार्टी बंद करून नुसती थर्ड पार्टी ठेवलेली. लग्नाहून परतताना अपघात झाला आणि मागच्या सीटवर बसलेला त्यांचा मेहुणा गेला. त्याच्या बायकोने मोटार अपघात न्यायाधिकरणात दावा लावला. लावायलाच हवा होता. पदरात लहान मुलं होती. कंपनीने उत्तर दिलं, गाडीतल्या प्रवाशांची जोखीम या पॉलिसीत नाही. राहिले कोण, तर गाडीचे मालक, म्हणजे तिच्या नवऱ्याचे दाजी. मी गेलो तेव्हा दोन्ही घरं एकाच गल्लीत होती आणि एकमेकांशी बोलत नव्हती. दाजी मला म्हणाले, "साहेब, गाडी लाखाचीबी नव्हती. तिला कशाला विमा, असं वाटलं." त्यांनी विचार गाडीच्या किमतीचा केला होता. गाडीत बसणाऱ्यांची किंमत हिशेबात आलीच नव्हती.

असा दावा किती रकमेचा होऊ शकतो, हे माहीत असलेलं बरं. भरपाईचं सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी या निकालांनी घालून दिलं आहे. मृत व्यक्ती ३२ वर्षांची, कायम नोकरी, महिना ३०,००० रुपये, मागे चार अवलंबित असं धरू. वर्षाचं उत्पन्न ३ लाख ६० हजार. भविष्यातल्या वाढीसाठी त्यात निम्मी भर, म्हणजे ५ लाख ४० हजार. स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा, उरले ४ लाख ५ हजार. या वयाला गुणक १६. गुणाकार येतो ६४ लाख ८० हजार. त्यावर अंत्यसंस्कार वगैरेंच्या ठरावीक रकमा आणि व्याज. विमा नसेल, किंवा आहे पण ही जोखीम त्यात नसेल, तर हा आकडा गाडीमालकाच्या घरावर, शेतावर येतो. आता याच्याशेजारी बंपरचे पंचवीस हजार ठेवून बघा.

म्हणून जुन्या गाडीबद्दल माझं मत एजंटांपेक्षाही कडक आहे. गाडी जुनी झाली की झिरो डेप्रिसिएशन सोडा, इतर जादा कव्हरही सोडा, वाटल्यास स्वतःच्या माथी घ्यायची वजावट वाढवा. पण त्या गाडीतून घरची माणसं फिरत असतील, तर पॅकेज सोडू नका. आयडीव्ही उतरलेली असल्याने ओन डॅमेजचा हप्ताही तोवर बराच खाली आलेला असतो. जे वाचवायचं ते बंपरवर वाचवा.

आता राहिला चालवणारा. तो स्वतः आपल्या गाडीसाठी थर्ड पार्टी नसतो. त्याच्यासाठी मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असतो, २०१८ पासून १५ लाखांचा. पण तो मिळतो नोंदणीकृत मालकाला, तोही वैध लायसन्स असेल तरच. आपल्याकडे गाडी वडिलांच्या नावावर आणि चालवणारा मुलगा. गाडी बायकोच्या नावावर आणि चालवणारा नवरा. आरसी बुकावर ज्याचं नाव आहे त्याचा विमा, चाकामागे बसतो त्याचा नाही. अशा घरांत चालवणाऱ्याने स्वतःचा अपघात विमा वेगळा काढावा. कुठल्याही कंपनीकडून तो स्वतंत्र मिळतो, आणि तसा १५ लाखांचा विमा आधीच असेल तर मोटारीच्या पॉलिसीत तो पुन्हा घ्यायची सक्ती २०१९ पासून उरलेली नाही. गाडीतल्या इतरांसाठी 'अनामित प्रवासी' हे अपघात कव्हर काहीशे रुपयांत मिळतं. त्यात चूक कुणाची हे न बघता ठरलेली रक्कम मिळते. पगारी ड्रायव्हर ठेवला असेल, तर त्याच्यासाठीचं जादा दायित्व पन्नासेक रुपयांत येतं. हप्ता कमी दाखवण्यासाठी आधी कात्री लागते ती नेमकी या ओळींना. कारण त्या वगळल्याचं गॅरेजमध्ये कधीच लक्षात येत नाही.

थर्ड पार्टीतही एक ओळ पाहण्यासारखी आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी खासगी मोटारीला साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं. ते उतरवून ६,००० रुपयांवर आणायची मुभा आहे. त्यात शंभर-एक रुपये वाचतात, आणि हल्लीच्या एखाद्या भारी गाडीचा नुसता दिवा सहा हजारांत येत नाही.

नीट निवडलेलं कव्हरही काही गोष्टींनी वाया जातं आणि त्या सगळ्या आपल्या हातातल्या आहेत. बाहेरून सीएनजी किट बसवलं आणि आरसी बुकावर व पॉलिसीत त्याची नोंद केली नाही. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने पंढरपूर-शिर्डीला पाठवली. लायसन्सची मुदत संपली. जुनी गाडी घेतली, पण पॉलिसी आधीच्या मालकाच्याच नावावर राहू दिली. अशा वेळी थर्ड पार्टी कायद्याने आपोआप नव्या मालकाकडे येते, ओन डॅमेज येत नाही. त्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. क्लेम तपासताना मी हे सगळं पाहतोच आणि जे दिसेल ते लिहावंच लागतं. गॅरेजमध्ये हात जोडून त्यात बदल होत नाही.

ओळखीचे लोक नूतनीकरणाच्या आदल्या दिवशी फोन करतात, "काका, कुठली पॉलिसी घेऊ?" कंपनीचं नाव मी सांगत नाही. मी विचारतो: गाडीत कोण कोण बसतं? चालवतं कोण आणि आरसीवर नाव कुणाचं आहे? कर्ज किती बाकी आहे? गाडी रात्री कुठे उभी असते, पाणी येतं का तिथे? आणि अचानक पंचवीस-तीस हजारांचा खर्च आला तर झेपेल का? उत्तरं याच क्रमाने मिळाली, की पॉलिसीही याच क्रमाने ठरते. पहिल्या दोन उत्तरांवरून पॅकेज आणि अपघात विमा, तिसऱ्यावरून आयडीव्ही आणि इनव्हॉइस कव्हर, चौथ्यावरून इंजिन प्रोटेक्ट, पाचव्यावरून झिरो डेप्रिसिएशन. बहुतेक लोक सुरुवात पाचव्यापासून करतात आणि पैसे तिथेच संपवतात.

तेव्हा तुमच्या मोबाइलमधली ती पीडीएफ आजच उघडा. पॉलिसी पॅकेज आहे की नुसती थर्ड पार्टी, आयडीव्ही किती, वैयक्तिक अपघाताच्या ओळीत काय लिहिलंय, नाव कुणाचं, किटची नोंद आहे का, एवढं वाचायला दहा मिनिटंही लागत नाहीत. काही राहिलं असेल तर एजंटला फोन करा. बरीचशी दुरुस्ती वर्षाच्या मध्येही करून मिळते. आणि पुढच्या नूतनीकरणाला हप्त्याचा आकडा सगळ्यात शेवटी बघा.